सदाशिवगडची खाणावळ: आज आलेला मासा, आजच ताटात

बेळगावहून कारवारला उतरलं की मासे कुठं खायचे, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे. काळी नदीचा पूल ओलांडायच्या आधी, सदाशिवगडच्याच बाजूला, हायवे सोडून नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत घरगुती खाणावळ आहे. तिला नाव नाही. दारावर पत्र्याची फळी आहे, तिच्यावर कन्नडमध्ये 'मीन ऊटा', म्हणजे माशाचं जेवण, एवढंच रंगवलंय आणि खाली बाण काढलाय. टेम्पो-ट्रकवाले नुसतं 'अक्काकडं' म्हणतात, कारण चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्काच म्हणतात. बाहेर नारळीखाली चार गाड्या लागतील एवढी जागा, आत सहा टेबलं, मागं परस आणि परसापलीकडं खाडीचं पाणी.

मी व्यापार करतो भाजीचा. बेळगावची कोबी, गाजर, टोमॅटो, हिरवी मिरची रोज रात्री गोव्याला आणि कारवारला उतरते, आणि त्याच घाटांतनं बर्फाच्या पेट्यांत मासे वर बेळगावात येतात. कारवारच्या रविवारच्या बाजारासाठी आमचाही टेम्पो जातो. त्यामुळं ही खाणावळ मला ड्रायव्हर लोकांकडून कळली, आणि ड्रायव्हर लोक जिथं स्वतःच्या खिशातनं पैसे घालून जेवतात ती जागा सहसा वाईट नसते. पण एकट्यानं जेवणं वेगळं आणि घरच्यांना घेऊन जाणं वेगळं. होळी झाल्यावर आम्ही कुटुंब घेऊन गोकर्ण-मुर्डेश्वरला निघालो, तेव्हा दुपारचं जेवण इथंच करायचं असं मी निघतानाच सांगितलं होतं. आई, बायको, कॉलेजात जाणारा मुलगा आणि मी.

वाट आमची नेहमीची: खानापूर, रामनगर, जोयडा, कुंभारवाडा, मग अणशी घाट उतरून कद्रा आणि तिथून काळीच्या सोबतीनं सदाशिवगड. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण घाटात घाई करायची नाही. काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, वळणं आवळ आहेत आणि समोरून एसटी आली की एकानं थांबावंच लागतं. मध्ये मनासारखं खायला मिळेल अशी जागा फारशी नाही, म्हणून सकाळी खानापुरात पोटभर नाश्ता करून निघावं. म्हणजे साडेबारा-एकच्या सुमारास चांगली भूक लागलेली असते आणि अक्काकडं तेव्हाच जेवण तयार झालेलं असतं.

या खाणावळीत मेनू कार्ड नाही, आणि तिचा मोठेपणा मला त्यातच दिसतो. तुम्ही बसलात की अक्का स्वतः येऊन आज काय आलंय ते सांगतात. त्या दिवशी बांगडा, नगली, चपटा लेपो, कोळंबी आणि तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, होत्या. मुलाला सुरमईच, म्हणजे इथली इसवण, पाहिजे होती. त्यानं विचारलं तर अक्का म्हणाल्या, "आज इसवण ना. कालची काल सोंपली." एवढं बोलून त्या थांबल्या नाहीत, "नगली बघ, मगे सांग," म्हणत त्याला परसात घेऊन गेल्या. मीही मागं गेलो.

परसात फरशीवर ॲल्युमिनियमची पाटी होती, वर ओलं फडकं. अक्कांनी एक नगली उचलली. वीतभर लांब, अंगानं गोल, वाळूच्या रंगाची, पोटाकडं चांदीसारखी झाक. त्यांनी अंगठ्यानं कल्ला वर केला. आत लालभडक. मग बोटानं पाठ दाबून सोडली, खड्डा लगेच भरून आला. डोळा वर आलेला, काचेसारखा स्वच्छ. हाताला वास आला तो नुसता खाऱ्या पाण्याचा. वांगं घेताना आम्ही देठ बघतो, देठ हिरवा आणि काटेरी असला की वांगं आजचं. तसं माशाचं सगळं खरं कल्ल्यात असतं. मुलगा काही बोलला नाही, पण सुरमईचा विषय तिथंच संपला.

बांगडा मात्र सगळा पहाटेचा नव्हता. थोडा आदल्या संध्याकाळचा होता, हे अक्कांनी आपणहून सांगितलं, आणि तो आमटीत घातलाय, तळायला घेतला नाही, हेही सांगितलं. इतका सरळ व्यवहार मी बाजारात फार कमी बघितलाय. दोन दिवसांची भाजी पाणी मारून पुढं मांडणारे व्यापारी आमच्यात आहेत, आणि हॉटेलांत काय चालतं तेही बघितलंय. मागं एकदा याच हायवेवर, काचा लावलेल्या एका मोठ्या एसी हॉटेलात आम्हांला सुरमईचा तुकडा आला होता, वरून कुरकुरीत आणि आत काट्याजवळ बर्फाचा गारठा. मांस भुसभुशीत, चवीला काही नाही. विचारलं तर ताजीच आहे म्हणून सांगितलं. समुद्र दिसत असलेल्या टेबलावर फ्रीझरमधला मासा खाऊन आलो होतो, त्याचं दुःख अजून आहे.

आता थाळीबद्दल. उकड्या तांदळाचा जाड भात, बांगड्याचं हुमण, म्हणजे ओल्या खोबऱ्याच्या वाटणातली आमटी, तिसऱ्यांचं सुकं, एक तळलेला मासा, तांबड्या माठाची भाजी, कैरीचं लोणचं, सोलकढी आणि कांदा. १८० रुपये. नगली तळून वेगळी घेतली तर प्लेट २२०, त्यात मध्यम आकाराच्या चार येतात. भात आणि हुमण लागेल तेवढं वाढतात आणि तोंड वाकडं न करता वाढतात.

हुमणावर थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडच्या माणसाला ते पहिल्या घासाला फिकं वाटण्याची शक्यता आहे. बेळगावात घरी मासे केले तरी आपला हात कांदा-लसूण चटणीकडंच जातो, रस्सा लाल आणि झणझणीत पाहिजे, शेजारी जोंधळ्याची भाकरी पाहिजे. इथं तसं नाही. ओलं खोबरं, ब्याडगी मिरची, धणे, हळद एकत्र अगदी गंधासारखं वाटतात, आमसुलाचा आंबटपणा येतो आणि वरून ठेचलेली तिरफळं, हे किनाऱ्याकडचं मसाल्याचं फळ. ब्याडगीचं काम रंग देण्याचं, तिखटपणा ती जपूनच देते. म्हणून रस्सा दिसतो केशरी-लाल आणि जिभेला लागतो तो आधी गोडसर, मग आंबट, आणि तिखट अगदी शेवटी. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला तिरफळाचा वास नाकात भरतो. बांगड्यासारख्या तेलकट माशाला त्याच्याशिवाय पर्याय नाही. माशाचा उग्रपणा त्यानं आवरला जातो. वाटीत तिरफळाची टरफलं दिसली तर बाजूला काढायची, दाताखाली आलं तर जीभ काही वेळ बधिर होते. बायकोनं घरी करण्यासाठी अक्कांना प्रमाण विचारलं. त्यांनी हातावर तीन-चार तिरफळं ठेवून दाखवली आणि बी काढून टाकायची, नुसती साल ठेचायची, वाटणात वाटायची नाही, असं नीट समजावून सांगितलं.

मला हुमण आवडतं ते त्या जाड उकड्या भाताबरोबर. बासमतीवर ते वाहून जातं. उकड्या भाताचा दाणा रस्सा धरून ठेवतो आणि चावायला थोडं काम देतो. अक्काकडं चपातीही मिळते, पण ती घेऊ नका, जाड असते आणि गार होते. हे गाव भाताचं आहे.

नगली रव्यात घोळवून तव्यावर तळतात. खाण्याची रीत मुलाला दाखवली: शेपटीकडून सुरुवात, वरची बाजू बोटांनी हलकेच दाबली की मांस काट्यापासून सुटतं, मग डोक्याकडून मधला काटा धरून उचलला की सरळ एका तुकड्यात बाहेर येतो. बारीक काट्यांचा त्रास जवळजवळ नाहीच, त्यामुळं मासे खायची सवय नसलेल्यांना आणि लहान पोरांना हाच मासा द्यावा. मांस पांढरं, नाजूक, किंचित गोड. सुरमई मागणाऱ्या मुलानं दुसरी प्लेट मागवली. माझी तक्रार एवढीच की रवा थोडा जास्त जाड लागला होता. इतका ताजा मासा असताना नुसतं मीठ, हळद, मिरची लावून तळला तरी चालला असता. तसं सांगितलं तर अक्का करूनही देतात. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या, केए-३० च्या गाडीतनं आलेल्या कारवारच्या माणसांनी लेपो तसाच मागवला होता आणि तो कडेनं जाळीसारखा कुरकुरीत दिसत होता.

तिसऱ्या काळीच्या खाडीतल्या. जिथं गोडं पाणी खाऱ्याला मिळतं तिथं त्या वाळूत सापडतात, ओहोटीला बायका पाण्यात उतरून पायानं, हातानं चाचपून काढतात. सुक्यात खोबरं भरपूर, शिंपल्याचं एक कवच काढून मांस असलेलं कवच तेवढं ठेवलेलं. एकाही शिंपल्यात वाळूचा कण लागला नाही, आणि ज्यानं घरी तिसऱ्या धुतल्या आहेत त्याला त्यामागची मेहनत कळेल. कोळंबीचा मसाला मात्र साधारण होता. त्यात गरम मसाला जास्त पडला होता आणि कोळंबीची स्वतःची चव मागं राहिली. २४० रुपये त्याला देण्यापेक्षा आणखी एक प्लेट नगली घ्या.

कांद्याचं सांगायलाच पाहिजे, माझा धंदाच तो. ताटात आलेला कांदा कुमठ्याचा होता. गुलाबी-लाल, गोड, रसाळ, नुसता खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. उन्हाळ्यात कुमठ्याजवळ हायवेला त्याच्या वेण्या बांधून टांगलेल्या असतात. बेळगावच्या मार्केटात येणारा कांदा टिकाऊपणासाठी घेतात. हा कांदा खाण्यासाठी घ्यायचा. सोलकढी पिऊन झाल्यावर मीठ लावून त्याची फोड खाल्ली आणि तोंडाचा सगळा तेलकटपणा गेला. सोलकढी स्वतः चांगली, पण थोडी पातळ. पहिल्या पंगतीला मिळणारी दाट असते असं शेजारच्यांनी सांगितलं, मला तसा अनुभव नाही.

आईचं जेवण ही माझी खरी काळजी होती. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, पंढरीची वारी केलेली बाई, माशाच्या ताटाशेजारी बसायलाही ती कचरते. गाडीतनं उतरायच्या आधीच म्हणाली, "माझं काय बघू नकासा, मी गाडीतच बसून चिवडा खातो." अक्कांनी ते दारातनं ऐकलं. त्या बाहेर आल्या, माळ बघितली आणि म्हणाल्या, "आजी, भितर या. तुमचें वेगळें करतां." वेगळं म्हणजे खरोखर वेगळं. पडवीत दुसरी शेगडी आहे, तिच्यावर माशाचं भांडं चढत नाही. पळी, टोप, ताट सगळं निराळं, आणि ते आईला आधी दाखवलं. बसायला पडवीतलंच बाकडं दिलं, जिथं तळणाचा वास येत नव्हता. गरम भात, अळसांद्यांचं, म्हणजे मोठ्या चवळीचं, तोंडाक (नारळाच्या वाटणातली उसळ), तांबडी भाजी, लोणचं, ताक. आईनं भात दोनदा घेतला. अळसांदे तिच्या ओळखीचे, पण नारळाच्या वाटणातले पहिल्यांदाच खाल्ले. ताटाचे शंभर रुपये घेतले. किनाऱ्यावर माळकरी माणूस बरोबर असला की बाकीच्यांचं जेवण घशाखाली उतरत नाही, इथं आम्ही सगळे निवांत जेवलो. फक्त या एका गोष्टीसाठीही मी ही खाणावळ दहा जणांना सांगेन.

भाषेची अडचण नाही. पाटी कन्नडमध्ये, अक्का बोलतात कोकणीत, वाढणारा पोरगा कन्नडमध्ये ऑर्डर सांगतो आणि आपण मराठीत बोललो तर सगळ्यांना कळतं. १९५६ पर्यंत कारवार आणि बेळगाव दोन्ही मुंबई राज्यातच होती, जुनी नाती दोन्हीकडं आहेत. अक्कांची थोरली बहीण खानापूर तालुक्यात दिलेली आहे, हे कळल्यावर आई आणि त्या गावं, आडनावं जुळवत बसल्या आणि आमचं निघणं अर्धा तास लांबलं.

गैरसोयी आहेत, त्याही सांगतो. एसी नाही, पंखे आहेत आणि दुपारी घाम येतोच. हात धुवायला एकच बेसिन, दीड वाजता तिथं रांग लागते. संडास मागं परसात आहे, स्वच्छ आहे, पण पायऱ्या दोन उंच आहेत. गुडघेदुखी असलेल्या वयस्कांना हात द्यावा लागतो. मोबाइलवरून पैसे देता येतात, पण त्या गल्लीत नेटवर्क मधूनमधून जातं, म्हणून रोख जवळ ठेवा. दर पाटीवर लिहिलेले नसतात, थाळीचा सोडून बाकी माशांचा भाव त्या दिवशीच्या बाजारावर. आधी विचारून घ्या, अक्का सरळ सांगतात. मोठी बस घेऊन गेलात तर गल्लीत वळणार नाही. आणि दोननंतर पोचलात तर नगली मिळेल याची खात्री नाही. संपलं की संपलं. संध्याकाळसाठी मासा उरवून ठेवत नाहीत आणि रात्री खाणावळ बंद असते.

कधी जावं, तर ऑक्टोबर ते मार्च उत्तम. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, माशांच्या विणीचा तो काळ. त्या दिवसांत कारवारात कुठल्याही हॉटेलात भरपूर सुरमई-पापलेट दिसली तर ती बर्फातली किंवा लांबून आलेली असणार, हे गृहीत धरा. अक्का तेव्हा लहान होड्यांची मासळी, खाडीतलं जे मिळेल ते आणि सुका बांगडा, सुकी कोळंबी यांवर चालवतात. सुक्या कोळंबीची खोबरं-कांदा घातलेली किसमूर मी एका पावसात इथं खाल्ली आहे, गरम भाताबरोबर. तिच्यासाठी पावसाळ्यातही वाट वाकडी करायला माझी तयारी आहे, पण मग अणशी घाटाची परिस्थिती आधी विचारून निघायचं, दरडींचा भरवसा नसतो.

पाऊस आणि रस्ता यांचा विषय निघाला म्हणून. खाणावळीच्या परसातनं काळीचा पूल दिसतो. इथला जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कोसळला, वरचा ट्रक नदीत गेला, चालक वाचला. त्याआधी तीनच आठवडे, १६ जुलैला, पुढं अंकोला तालुक्यात शिरूरजवळ हायवेवर डोंगर खाली आला आणि रस्त्याकडेचं चहा-जेवणाचं दुकान माणसांसकट गेलं. ते दुकान ट्रकवाल्यांचं थांबायचं ठिकाण होतं. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या काळजाला ते लागलं, कारण अशाच टपऱ्यांवर आमची पोरं रोज उतरतात. तेव्हापासून आमच्या ड्रायव्हरना मी बजावून ठेवलंय: पावसाळ्यात कापलेल्या डोंगराखाली जेवायला गाडी लावायची नाही, भूक लागली तरी सपाटीला येऊन थांबायचं. सदाशिवगडची ही जागा त्या दृष्टीनंही बरी. गड आहे तो हायवेच्या कडेला, खाणावळ त्याच्यापासून दूर, नदीकाठच्या सपाट वस्तीत.

जेवल्यावर लगेच गाडी दामटू नका. पूल ओलांडला की कारवारचा समुद्र हायवेला लागूनच आहे, टागोरांच्या नावाचा किनारा आणि तिथं ठेवलेली जुनी युद्धनौका 'चपळ' मुलांना बघता येते. तरुण वयात रवींद्रनाथ इथं येऊन राहिले होते. आम्ही किनाऱ्यावर थोडे पाय मोकळे करून अंकोल्याकडे निघालो, चार वाजता गोकर्णाचा फाटा गाठला.

परतीला पुन्हा अक्काकडंच जेवलो. त्या दिवशी नगली नव्हती, तारले होते, छोटे, चमचमीत, तिरफळ घालून सुके केलेले, आणि थाळी तेवढ्याच पैशांत. पोचायच्या आधल्या रात्री फोन करून तिसऱ्या ठेवायला सांगितलं होतं, त्या त्यांनी पाणी बदलत ठेवल्या होत्या. तुम्हीही चारपेक्षा जास्त माणसं असाल तर आदल्या दिवशी कळवा. फोन नंबर दारावरच्या फळीवर बाणाच्या खाली लिहिलेला आहे, जाताना लिहून घ्या. आणि बरोबर कुणी माळकरी असेल तर तेही आधीच सांगा, म्हणजे अळसांदे भिजत घालायला त्यांना वेळ मिळतो.